आधी लहान भिंग

फोन पर्समध्ये थरथरला तेव्हा दीपमालाबाईंच्या चिमट्यात कांद्याचा पापुद्रा लोंबत होता. अकरावीचं प्रॅक्टिकल चाललं होतं. म्हसावदला वीज नेहमीप्रमाणे गेलेली, त्यामुळे दिव्यावर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक टेबलावर गप्प बसलेले आणि आरशावर चालणारे जुने, रंग उडालेले, खिडकीशी रांगेनं मांडलेले. वर्गात फोन घ्यायचा नाही हा त्यांचाच नियम. मुलांना दम द्यायचा आणि आपण मात्र फोन कानाला लावायचा, असला दुटप्पीपणा त्यांना आयुष्यात जमला नव्हता. पण गेले काही दिवस फोन पर्समध्ये असला तरी चित्त त्याच्यापाशीच असायचं. पापुद्रा काचपट्टीवर तसाच टाकून त्यांनी फोन घेतला. नंदुरबारच्या लॅबमधून डॉक्टर भूपेश बोलत होते. "मॅडम, रिपोर्ट तयार आहे. पण फोनवर नाही सांगत. तुम्ही स्वतः या. आज संध्याकाळपर्यंत आहे मी." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली, "आलो, आलो," असं ते कुणालातरी म्हणाले आणि फोन बंद झाला. एवढंच. दीपमालाबाईंनी काचपट्टीकडे पाहिलं. पाण्याचा थेंब टाकायचा राहिला होता आणि पापुद्रा कडेनं वळायला लागला होता.

फोनवर नाही सांगत. चांगली बातमी लोक फोनवरच सांगतात. मुलगी झाली, पास झालो, बदली रद्द झाली, हे सगळं माणसं फोनवर ओरडून सांगतात, रस्त्यात उभं राहून सांगतात. वाईट बातमीलाच समोर खुर्ची लागते आणि टेबलावर पाण्याचा ग्लास लागतो. डाव्या स्तनातली ती गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. आंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि बोटाखाली काहीतरी सरकलं. डॉक्टरांनी ती काढून टाकली, टाके पडले, टाके सुटलेही. गाठ तपासायला भूपेश डॉक्टरांकडे गेली. कर्करोग आहे की नाही, हे आता तिथे ठरायचं होतं. चार दिवसांत सांगतो म्हणाले होते. मग म्हणाले, थोडं थांबा मॅडम, मुंबईहून एक जादा तपासणी करून घेतोय. आणि आता हे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण बाईंच्या मनाला चिंतायला फारसं काही उरलंच नव्हतं, सगळं चिंतून झालं होतं.

"मॅडम, पेशी दिसली!" खिडकीजवळची एक मुलगी ओरडली. बाई सवयीनं गेल्या, वाकल्या, उजवा डोळा लावला, डावा उघडाच ठेवला. दरवर्षी कुणीतरी एक असं ओरडतं आणि दरवर्षी तो हवेचा बुडबुडाच असतो. काळीकुळकुळीत जाड कड आणि आत काहीच नाही. एरवी त्या म्हणायच्या, "वा! अशी पेशी मिळाली तर नोबेलच घ्यायला जाऊ, एसटीनं जाऊ, अर्धं तिकीट लागेल," आणि वर्ग हसायचा. आज त्या नुसत्या बघत राहिल्या. किती ठसठशीत दिसतो खोटा! खऱ्या पेशीच्या भिंती बारीक, फिकट, कुठे आहेत कुठे नाहीत अशा, आणि हा लबाड असा काजळ घातल्यासारखा. "मॅडम, आहे ना?" मुलीनं विचारलं. "बुडबुडा आहे गं," त्या हळूच म्हणाल्या, "पण तू दाखवलंस हे बरं केलंस." मग शेजारच्या सरांना वर्ग बघायला सांगून त्या निघाल्या. सरांनी चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल बाईंना त्यांचे आभार मानावेसे वाटले. तसे ते सर जन्माचे चौकस. आजच कसे शहाणे झाले कोण जाणे.

शहाद्याला उतरल्यावर एसटी स्टँडच्या गलक्यात, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून त्यांनी घरी, म्हणजे शेतावर, फोन लावला. उमाकांत केळीच्या बागेत होते. साखर कारखान्यातल्या नोकरीतून सुटल्यापासून हा माणूस केळीच्या घडांशी जितकं बोलायचा तितकं बायकोशी बोलत नसे, हे बाईंचं आवडतं गाऱ्हाणं. "नंदुरबारले जाई ऱ्हायनू," त्या म्हणाल्या, "त्यासनी बलावं शे." पलीकडे ट्रकमध्ये घड रचणाऱ्या माणसांचा आरडाओरडा आणि मग एकदम सगळं शांत. ते बाजूला सरकले असावेत. "थांब तू तठेच. मी येस. गाडी भरू दे त्यासले." "नका येऊ," बाई म्हणाल्या, "तुम्ही उनात ते मी रडसू. माले रडानं नही शे."  मग उमाकांत म्हणाले, "बरं. पन जे ऱ्हाई ते पयले माले सांग. आनी काही खाई ले." हे खाई ले म्हणजे त्यांचं सगळंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसाला दुसरा शब्द सापडला नाही. बाईंनी स्टँडवर केळी घेतली आणि स्वतःशीच हसल्या. केळीवाल्याच्या बायकोनं विकतची केळी खायची, असं आजवर घडलं नव्हतं.

नंदुरबारची गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली. उसाची शेतं मागे पडायला लागली, मधूनमधून वेचणी उरकलेल्या कापसाचे काळे सांगाडे उभे. बाई डोळे मिटून बसल्या, पण मिटल्या डोळ्यांमागे त्यांना फार नीट दिसत होतं, आणि हीच त्यांच्या शिक्षणाची शिक्षा होती. दुसऱ्या कुणा बाईला रिपोर्ट म्हणजे एक कागद असतो. यांना माहीत होतं, ती गाठ आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडाली असेल, मग मेणाच्या ठोकळ्यात बसली असेल. मग पात्यानं तिचे काप काढले असतील, केसापेक्षा किती तरी पातळ. मग जांभळा रंग, मग गुलाबी. केंद्रकं जांभळी, बाकीचं अंग गुलाबी. मग काचपट्टी, मग वरून काच, मग भिंग. आपल्याच देहाचा एक कण असा जांभळा-गुलाबी होऊन कुणा परक्या माणसाच्या दिव्याखाली पडला आहे आणि तो माणूस खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे वाकून बघतो आहे, या कल्पनेनं त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून राग येत होता. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या पेशी बघितल्या. मुलांच्या गालाच्या आतून काडीनं खरवडलेल्या, निळ्या रंगवलेल्या. "बघा, हा तुम्हीच आहात," असं त्या मुलांना म्हणायच्या. किती सहज म्हणायच्या! तो मुलगा दचकत असेल का, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

शिक्षकांच्या एका सहलीत त्यांनी पुण्याच्या एका संस्थेत खोलीएवढा मोठा सूक्ष्मदर्शक पाहिला होता. त्यात उजेड नव्हताच. विजेच्या कणांचा झोत होता. पेशीच्या पोटातल्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा. पडद्यावर करडी, पांढरी चित्रं उमटत होती आणि सगळे मास्तर तोंडाचा आ करून बघत होते. तिथला माणूस म्हणाला, यात जिवंत काही ठेवता येत नाही, आत हवाच नसते. जितकं खोल बघायचं तितकं आधी मारावं लागतं. ते वाक्य बाईंना रुतलं होतं. मग त्याच संस्थेत, पलीकडच्या खोलीत, एक साधासाच दिसणारा सूक्ष्मदर्शक होता. त्याच्याखाली पेशी जिवंत होत्या. रंग नाही, काही नाही, उजेडाच्या काहीतरी करामतीनं त्यांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या, आणि त्या हलत होत्या. एक पेशी मधोमध आवळत आवळत दोन झाली. बाकीचे चहाला गेले, बाई तिथून हलल्याच नाहीत. परतीच्या गाडीत कुणीतरी चिडवलं, मॅडम काय सापडलं एवढं? त्या म्हणाल्या, "एकाच्या दोन होताना पाहिल्या." आता एसटीच्या खिडकीत बसून त्यांना वाटलं, माझ्या अंगातही एकाच्या दोन होतायत. प्रश्न इतकाच की त्यांना थांबायचं कळतंय की नाही. त्यावेळी आपण त्या खोलीत बायकांनी देवळात रमावं तसे रमलो होतो, आणि आता तीच गोष्ट आठवली की हात गार पडतात. गोष्ट तीच. भ्यायला मात्र आपण आज शिकलो.

आणि हे भूपेश डॉक्टर. गाठ द्यायला गेलो तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं होतं, "डॉक्टर म्हसावदचेच, तुमचे विद्यार्थी." ते स्वतः त्या दिवशी भेटले नाहीत. फोनवर मात्र "मॅडम" असं काही म्हणायचे की बाईंना खोटं बोलणं भाग पडे, "हो रे, आठवतोस ना!" म्हणायचं आणि लगेच जीभ चावून "आठवता ना" म्हणायचं. पण आठवत कुठे होता! इतक्या वर्गांतली इतकी पोरं. आवाज फुटायच्या वयात भेटतात आणि आवाज फुटला की जातात. बाईंना नावं आठवत नसत, डोळे आठवत. कोण कसा डोळा लावतो ते. काही मुलं बुबुळ नळीत घालतील इतकी वाकत. काही दोन्ही डोळे मिटून "दिसलं" म्हणत. एक होता, त्याला एक डोळा मिटताच येत नसे आणि दोन्ही उघडे ठेवले की सगळं दुहेरी दिसे, म्हणून तो दर प्रॅक्टिकलला डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून यायचा. पोरं त्याला दरोडेखोर म्हणायची. नाव काय त्याचं? त्यानंच ती बेडकाच्या रक्ताची काचपट्टी फोडली होती, शाळेतली एकुलती एक. आधी लहान भिंगानं जागा शोधायची, मग मोठं फिरवायचं, हे शंभरदा सांगून ठेवलेलं. आणि या पठ्ठ्यानं थेट मोठं भिंग खाली आणलं. कर्र. बाईंनी मारलं नाही. वर्षभर त्याला मोठं भिंग वापरू दिलं नाही इतकंच. "आधी लहानानं बघ. गाव दिसल्याशिवाय घर शोधू नये." तो बिचारा रुमाल बांधून वर्षभर लहान भिंगाखाली कांदा बघत राहिला. कुठे असेल आता? केळी लावत असेल. बाईंना उगीच त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटायला आज काहीही पुरे होतं.

गाडी प्रकाशाजवळ तापीच्या पुलावर आली. खाली पाणी अडवलेलं, रुंद, ऊन पडून पांढरं झालेलं. तापी ओलांडली की त्यांचं माहेर, कोरीट, फार लांब राहत नाही. आई, मंगलाबाई, या पुलावरून जाताना नदीत नाणं टाकायची आणि हात जोडून काहीतरी पुटपुटायची. काय मागतेस विचारलं तर म्हणायची, मागत नही व, जे दियेल शे त्याना हिसोब देस. बाई विज्ञान शिकल्या आणि हात जोडायचं सोडून दिलं, पण पूल आला की आतून कुणीतरी हात जोडतंच. जे दिलं आहे त्याचा हिशोब. त्यांनी मनातल्या मनात सुरुवात केली आणि त्यांना नवल वाटलं की यादी सरेना. उमाकांत. मुलगी. ती खिडकी, ते आरसे. मुलांना त्या नेहमी सांगायच्या की आरसा सूर्याकडे धरू नका, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे धरा, भिंतीवरून येतो तो उजेड डोळ्यांना सोसतो. ती भिंत. दर वर्षी तिला चुना मारून घ्यायचा बाईंचा हट्ट असे आणि शिपाई वैतागायचे. त्या भिंतीनं किती पोरांच्या डोळ्यांत पेशी पोचवल्या! हा असला हिशोब माणूस केव्हा करतो, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना.

शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिनं दोन-तीनदा वळून पाहिलं. "का व बहीन, रडी ऱ्हायनी का?" बाईंनी घाईघाईनं चष्मा काढून पुसला. "नही, नही. मिरचीना ठसका शे." नंदुरबारची मिरची साऱ्या मुलखाला माहीत. या दिवसांत गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि गाडी तिथे पोचली की सगळे शिंकायला लागतात. म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "मिरची ते आजून पुढे शे." बाईंची चोरी पकडली गेली. जन्मभर पोरांचे बुडबुडे ओळखले, आणि आज आपणच पेशी म्हणून बुडबुडा दाखवत होतो.  म्हातारीनं पदराची गाठ सोडली, मूठभर बोरं काढली आणि बाईंच्या ओंजळीत घातली. बोरं आंबटगोड होती, थोडी किडकी. बाईंनी सगळी खाल्ली, केळीही तिला दिली. खरी मिरची आली तेव्हा सगळी गाडी शिंकत होती आणि त्या दोघी तोंडावर पदर धरून बिया चघळत होत्या. किती लाल होतं बाहेर! लांबून नुसती लाल जमीन. जवळ आल्यावर एकेक मिरची, तिचं देठ, देठ खुडणारी बायकांची बोटं.

लॅब बाजारातल्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वर होती. जिना चढताना बाईंना जाणवलं की पायांना घाई नाही. वर बाकावर एक डोंगरातली बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोराचे डोळे पिवळसर होते. त्या पोराच्या रक्ताचीही काचपट्टी आत कुठेतरी दिव्याखाली असेल. बाई तिच्या शेजारी बसल्या. तिची बोली यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती, पण दोघी एकाच दाराकडे बघत होत्या, त्यामुळे बोलायची गरज नव्हती. दार उघडलं. चाळिशी उलटलेला, टक्कल पडू लागलेला एक माणूस बाहेर आला. बाईंना पाहिलं, आणि काही कळायच्या आत वाकून त्यांच्या पाया पडला.  पाया पडला म्हणजे गेलंच. डॉक्टर पेशंटच्या पाया कशाला पडेल?

"या ना मॅडम, आत या. बसा." आत टेबलावर दोन डोक्यांचा सूक्ष्मदर्शक होता. एकच काचपट्टी, एकच दिवा, पण बघायला समोरासमोर दोघांच्या डोळ्यांची सोय. बाईंनी असा फक्त चित्रात पाहिला होता. भूपेशनं त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं, फडक्यानं नेत्रिका पुसली, दिवा लावला, आणि चेहऱ्यावर एक विलक्षण उत्सुकता घेऊन म्हणाला, "आधी बघा तर खरं. दाखवतो."

बाई उभ्याच होत्या.  "दाखवतो काय! अरे, सांग आधी! आहे का नाही?"

"काय मॅडम?"

"कॅन्सर!"

भूपेशच्या तोंडाचा आ झाला. "नाही मॅडम! नाही, नाही. साधी गाठ आहे. काहीही नाही. तुम्हाला वाटलं..." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला तो जोरात वाजला. "अरे देवा. फोनवर नाही सांगत म्हणालो मी. मॅडम, मन्ह्या ध्यानमाच उनं नही. तुम्हीच म्हणायचा ना वर्गात, सांगू नको, दाखव. मी आपला तेच... इतक्या वर्षांनी तुम्हाला काहीतरी दाखवायचं होतं म्हणून..."

सांगू नको, दाखव. हे वाक्य बाईंचंच. परीक्षेत एखादा पोरगा घडाघडा पाठ म्हणायला लागला की त्या हात वर करून म्हणायच्या, सांगू नको, दाखव. पेरलं ते उगवलं, ते असं. म्हसावदपासून इथपर्यंतचा सगळा रस्ता या गाढवानं आपल्याला मरणाच्या वाटेनं आणलं, आणि का, तर बाईंचा नियम मोडू नये म्हणून! बाई स्टुलावर बसल्या. त्यांना हसू आलं, मग राग आला, मग त्या दोन्ही एकदम करू लागल्या. "अक्कल आहे का तुला? डॉक्टर झालास ना तू? माणसं मरतील अशानं!" भूपेश अकरावीतल्यासारखा मान खाली घालून उभा होता. "चुकलं मॅडम." बाईंनी फोन काढला. उमाकांतनी पहिल्याच घंटीला उचलला, जणू हातातच धरून बसले होते. "नही शे," त्या म्हणाल्या, "काहीच नही शे. साधी गाठ शे." पलीकडून श्वास ऐकू आला, एक, लांब.  मग नाक ओढल्याचा आवाज. मग उमाकांत म्हणाले, "काही खादं का तू?" "बोरं खादी," बाई म्हणाल्या.

"बघ, दाखव आता," त्या फोन ठेवून म्हणाल्या. भूपेश समोर बसला. दोघांनी डोळे लावले. गुलाबी-जांभळं एक मैदान उजळलं आणि त्यात एक हिरवा बाण दिसला, भूपेश हलवील तिकडे सरकणारा. "हे लहान भिंग आहे मॅडम, चारपटीचं. सांगतो काय झालं. म्हणजे दाखवतो. तुमची काचपट्टी आली त्या दिवशी नाव वाचलं मी. दीपमाला उमाकांत, शहादा. आणि माझा हात घाबरला. रोज शेकडो काचपट्ट्या बघतो, आधी लहान, मग मोठं, हे हातालाच माहीत आहे. पण त्या दिवशी मी थेट मोठं फिरवलं. चाळीसचं. आणि जे दिसलं ना..." तो थांबला. "पेशी चेपलेल्या, एकामागे एक रांगेनं घुसल्यासारख्या. मला वाटलं, संपलं. रिपोर्ट लिहायला घेतला होता. लिहिता येईना म्हणून नुसता बसलो. आणि कानात तुम्ही ओरडलात. गाव दिसल्याशिवाय घर शोधू नये. मग पुन्हा लावलं लहान. बघा आता. काय दिसतं?"

बाईंनी बघितलं. इतके दिवस ज्याची लाज वाटत होती, भीती वाटत होती, ते समोर होतं, आणि ते सुंदर होतं.  मग विद्यार्थिनीसारख्या, सावकाश, दिसेल तेवढंच सांगू लागल्या. "गोलसर आहे. एकेक पुंजका. आत गर्दी आहे, चेपाचेपी आहे. पण पुंजक्याची कड... कड शाबूत आहे."

"शाबूत आहे," भूपेश म्हणाला. "कॅन्सर असता तर कड मोडून सैरावैरा पसरला असता. इथे फक्त आतल्या आत दाटी झालीय. मोठ्या भिंगाला तेवढी दाटीच दिसते, कड दिसत नाही. तरी मला माझ्यावर भरवसा वाटेना. म्हणून मुंबईला पाठवलं, जादा रंग लावून घेतला. त्यात वेळ गेला." त्यानं काचपट्टी बदलली. आता सगळं फिकं निळं होतं आणि प्रत्येक चेपलेल्या दूधनळीभोवती तपकिरी ठिपक्यांची रांग. शेताला बाभळीचं कुंपण असतं तशी. कुठेही खिंडार नाही. "हे नळीबाहेरच्या पेशींचं कुंपण. कॅन्सर आधी हेच मोडतो. वर्षाला एकदा दाखवून जायचं, बस्स."

बाई त्या कुंपणाकडे बघत राहिल्या. त्यांना कुणाचे आभार मानायचे ते कळेना. भूपेशचे? मुंबईत कुणी न पाहिलेल्या माणसानं रंगाचा थेंब टाकला असेल, त्याचे? की त्या फुटलेल्या बेडकाच्या काचपट्टीचे? या ठिपक्यांचे मानावेत तर त्यांना काही माहीतही नव्हतं. त्यांच्याच अंगात बसून, त्यांच्या काळजीची जराही कल्पना नसताना, ते आपापली जागा धरून उभे होते. आणि बाहेर बाकावर ते पिवळ्या डोळ्यांचं पोर. त्याच्या आईला आत बोलावतील तेव्हा तिला काय दाखवतील? हे आठवलं तशी बाईंच्या आनंदाचा एक टाका तुटला, पण तो उसवला नाही. ठिपके पसरायला लागले, कडा विरघळल्या, सगळं तपकिरी पाणी झालं. त्यांनी डोळे वर उचलले. भूपेश त्यांच्याकडे बघत होता. त्याचेही डोळे कोरडे नव्हते. तो शिष्टाचारानं म्हणाला, "नंदुरबारला मिरचीचा फार त्रास होतो मॅडम, या दिवसांत."

"मिरची नाही रे," बाई म्हणाल्या, "रडतेय मी."

त्यानं खिशातून रुमाल काढला, चौपदरी घडी घातलेला, आणि पुढे केला. बाईंनी तो घेतला, उलगडला, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तो रुमाल टेबलापलीकडे उंच धरून त्याच्या डाव्या डोळ्यावर आणला, आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "दरोडेखोर!"

भूपेश हसला. "म्हणजे फोनवर इतके दिवस ओळखलंच नव्हतं ना तुम्ही मला?"

"नाही," बाई म्हणाल्या. आज खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी त्याच रुमालानं डोळे पुसले, नाक पुसलं, चष्मा पुसला. "वर्षभर मोठं भिंग दिलं नव्हतं तुला. आठवतंय?"

"आठवतंय मॅडम."

"मग आता दे मला," असं म्हणून दीपमालाबाई पुन्हा वाकल्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून. "जिनं तुला भ्यायला लावलं होतं ती पहिली काचपट्टी लाव. लहान बघून झालं, आता मोठं फिरव."